माननीय पन्नास रुपये यांस

मु. पो. कलम ११, प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६०



जनावराला झोडपलं, उपाशी ठेवलं, न पेलणारं ओझं लादलं, तर पहिल्या गुन्ह्याला किमान दंड दहा रुपये आणि कमाल आपण. १९६० पासून उसाचा भाव चढला, डिझेल चढलं. आपण जागचे हलला नाहीत. किती ही निष्ठा!

आपल्या कृपेने आमच्या सांगली जिल्ह्यात गळीत हंगाम सुखात जातो. आपल्याच कायद्याखालचे १९६५ चे नियम म्हणतात, बैलाला दिवसात नऊ तासांवर जुंपू नये, सलग पाच तासांवर तर नाहीच. पारा ३७ अंशांपुढे गेला की बारा ते तीन जू उतरवावं. काठीला आर नको. मार्चच्या उन्हात कुपवाडच्या डांबरावर घसरणाऱ्या बैलाला हे कुणी वाचून दाखवलं नाही, याबद्दल विशेष आभार. उगाच त्याला आशा लागली असती.

काट्याचेही आभार. कारखान्यावर प्रत्येक गाडीचं वजन होतं, पावती निघते. जादा ओझ्याचा पुरावा रोज लेखी तयार होतो आणि त्यावरून फक्त टनाचा हिशेब होतो. उचल फेडायला बीडहून आलेल्या गाडीवानाला मी काय बोलू? त्याच्या वाट्याला टनाचे पैसे येतात. बैलाच्या वाट्याला आपण.

शर्यतीच्या बैलाचा थाट निराळा. याच कायद्याच्या महाराष्ट्रातल्या २०१७ च्या दुरुस्तीत शर्यतीच्या अटी मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एकाच गोठ्यातले दोन खोंड. धावणाऱ्यासाठी पाच लाख, ऊस ओढणाऱ्यासाठी पन्नास. समतेचा हा धडा आपणच दिलात.

२०२२ मध्ये साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी बैलाच्या मानेवरचा भार पेलणारं फिरतं चाक बनवलं, नाव ‘सारथी’. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने आपल्याला वाढवणारा मसुदा लोकांपुढे ठेवला. पोरांचं चाक तयार झालं. मसुद्याचं काय झालं, ते आपल्या तब्येतीवरून कळतंच.

बेंदराच्या आदल्या दिवशी आम्ही हळद-लोण्याने बैलाचे खांदे मळतो. हंगामात तोच खांदा येतो, सुजतो, फुटतो, आणि आम्ही बाजूने गाड्या काढतो. याची मला लाज वाटते.

म्हणून साहेब, आता हात जोडून खरी विनंती. निवृत्त व्हा. आपल्या जागी कारखान्याच्या ताळेबंदात दिसेल अशी रक्कम बसू द्या. आणि नोटीस गाडीवानाच्या नावे नको. वजनाची पावती ज्याने फाडली, त्याच्या नावे निघू द्या.

आपला,
कुपवाडचा एक रहिवासी