तात्यांची देणी-घेणी

इस्टेट वरच्या पिढीकडून खालच्या पिढीकडे येते, हा आपला जुना समज मोबाइलने मोडला. नातीने नवा फोन घेतला की तिचा जुना आईकडे जातो, आईचा बाबांकडे, आणि बाबांचा, स्क्रीनवर एक तिरपी चीर आणि मागे रबरबँड अशा अवस्थेत, तात्यांकडे. आमचे तात्या डोंबिवलीचे, बँकेतून निवृत्त झालेले. पण ठाणे, सांगली, नाशिक, कुठेही घराची बेल वाजवा, दार उघडायला असेच एक तात्या येतील.

जुनी वस्तू घ्यायची तात्यांना लाज नाही, पण ते दानही घेत नाहीत. दादाने फोन पुढे केला की ते आधी खोका मागतात, मग बिल, मग चार्जर. "बिल नाही? म्हणजे चोरीचा आहे का?" असं पोटच्या पोराला विचारतात. मग चष्मा वर करून फोन कानाशी हलवून बघतात. आत काही खुळखुळलं नाही की कपाटातून पाचशेची नोट काढून दादाच्या हातावर ठेवतात. "फुकटच्या वस्तूला माणूस जपत नाही." दादा "अहो तात्या, राहू द्या" म्हणतो, तात्या राहू देत नाहीत.

ही नोट पुढे कुठे जाते ते बघण्यासारखं आहे. दादा ती गुपचूप काकूंना देतो. काकू ती तांदळाच्या डब्यात ठेवतात. नातीचा वाढदिवस आला की तात्या "सुटे आहेत का गं?" म्हणत काकूंकडून तीच नोट उसनी घेतात आणि रुपयाचं नाणं चिकटवलेल्या पाकिटात घालून नातीला देतात. नात नोट बाबांच्या हातात कोंबते, "मला यूपीआय करा." दादाकडून ती पुन्हा काकूंच्या डब्यात, आणि पुढच्या फोनच्या वेळी तात्यांकडे नोट तयार! नोटेवर पेनाने लिहिणं बँकेच्या माणसाला पाप वाटतं, म्हणून तात्यांनी शेवटचे तीन आकडे पाठ केले आहेत. "४१७ परत आली," असं ते एकदा जेवताना सहज म्हणाले. त्यानंतर पंगतीत बराच वेळ कोणी कोणाकडे बघितलं नाही.

तात्यांनी एकदा दिलेली वस्तू मात्र कधीच पूर्ण दिलेली नसते. दादा दहावी पास झाला तेव्हा त्यांनी मनगटावरचं एचएमटी 'जनता' काढून त्याला दिलं. १९६१ मध्ये बंगळुरात एचएमटीची घड्याळं बनायला लागली, २०१६ मध्ये सरकारने ती कंपनी बंद करायचं ठरवलं, पण तात्यांची चौकशी बंद झाली नाही. "चावी देतोस ना रोज?" दादा घड्याळात काय, भिंतीवरही वेळ बघत नाही, फोनमध्ये बघतो. पण तात्या यायचे म्हटलं की तो कपाटातून 'जनता' काढून चावी देऊन हातावर चढवतो. चेतक स्कूटर पुतण्याला, म्हणजे मला, दिली. आरसी बुक अजून तात्यांच्या फायलीत आहे. नावावर करून देणं 'पुढच्या महिन्यात' आहे, आणि स्कूटर केव्हाच भंगारात गेली आहे.

पैशाच्या बाबतीत तर बोलायलाच नको. १९८६ मध्ये इंदिरा विकास पत्र आलं. पाच वर्षांत दुप्पट, आणि कागदावर कोणाचंच नाव नाही! ज्याच्या हातात कागद त्याचे पैसे, हरवला की गेला. तात्यांनी ती पत्रं मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात थर्माकोलखाली ठेवली. मुदत संपल्यावर पैसे मिळाले, पण तेव्हापासून या घरात खोका टाकायची कोणाची छाती नाही. माळ्यावर टीव्हीचा खोका आहे, कॅसेट प्लेअरचा आहे, आलेल्या प्रत्येक फोनचा आहे. वहिनींनी एका दिवाळीत इस्त्रीचा खोका भंगारवाल्याला दिला. तात्या बनियनवर, अनवाणी, मानपाड्याच्या रस्त्याने त्याच्या हातगाडीमागे धावले. खोक्यात १५एच फॉर्मच्या झेरॉक्स आणि इस्त्रीचं मुदत संपलेलं वॉरंटी कार्ड निघालं. "कागद आहे शेवटी," तात्या म्हणाले आणि खोका परत माळ्यावर गेला. भंगारवाल्याने वजनाचे पैसे परत मागितले, ते वहिनींनी दिले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जुन्या अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅप चालेनासं झालं. त्यात तात्यांचा फोन गेला. त्यांचा ठाम समज, की दादाने बंद केलं. "आम्ही बँकेत ग्राहकाला आधी लेखी कळवायचो." नातवंडांनी समजावलं, व्यर्थ. शेवटी दादाने आपला चांगला चालणारा फोन त्यांना दिला आणि स्वतःला नवा घेतला. तात्यांच्या रागाचा एक तरी उपयोग दादाला झाला, असं वहिनींचं मत आहे.

खरी गंमत अलीकडची. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीला एकाऐवजी चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. बेरीज शंभर झाली की पुरे. हा नियम जणू तात्यांसाठीच केला. पूर्वी एकच नाव असायचं आणि ते गुलदस्त्यात असायचं. आता टक्के हलवता येतात! दादाने फोन उचलला नाही, दोन टक्के कमी. नातीने चकल्या तळायला मदत केली, एक टक्का जास्त. हे सगळं तात्या मोठ्याने बोलून दाखवतात, फॉर्म मात्र अजून भरलेला नाही. लॉकरवर त्यांचा राग आहे, कारण तिथे टक्के नाहीत, एकामागून एक असा क्रमच लावावा लागतो. "क्रमात धाक नसतो," हे त्यांचं म्हणणं.

आणि हे सगळं नाटक आहे, हे तात्यांइतकं कोणालाच माहीत नाही. उभी हयात काउंटरमागे काढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको, की नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा असतो, मालक नव्हे. मालकी वारसांची, नाहीतर मृत्युपत्रात लिहिलं असेल त्याची. तात्यांनी मृत्युपत्र केलेलं नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "ते केलं की चहासुद्धा थंड मिळतो." काकू आतून म्हणाल्या, "आता तरी कुठे गरम पिता?"

कंजूष म्हणावं तर तात्या कंजूष नाहीत, त्यांना फक्त देण्याचा शेवट नको आहे. पण वाचकहो, मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, सही आणि दोन साक्षीदार पुरतात. तुमच्या घरातल्या तात्यांनाही हे पाठ असणार. तरी एकदा विचारून बघा. विचारायला जाताना हातात एखादा जुना फोन असू द्या, म्हणजे उत्तर नाही तरी पाचशे रुपये मिळतील.