हरकतदार

आमच्या सोसायटीतल्या आप्पांना कशालाही होकार द्यायचा असला की ते आधी चष्मा पुसतात, मग घसा खाकरतात आणि म्हणतात, "तशी माझी काही हरकत नाही, पण..." हा 'पण' दारात उभा राहिला तर पाऊण तास, बसला तर चहा होईपर्यंत.

यात त्यांचा फार दोष नाही. ते महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मधला सगळा काळ त्यांनी गावोगावच्या चावड्यांवर फेरफाराच्या नोटिसा डकवल्या. पंधरा दिवसांत हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, न आली तर नोंद मंजूर. हे अंगात इतकं मुरलंय की कारल्याची भाजी करू का, असं काकूंनी विचारलं तर ते म्हणतात, "बाकीच्यांचं म्हणणं घेतलंस का?" दूधवाल्याला पैसे दिले तरी पोहोच मागतात. दूधवाला आता सवयीने अंगठा पुढे करतो.

असा एक हरकतदार बहुतेक प्रत्येक घरात असतो. माणूस लबाड नसतो, कंजूषही नसतो. नाही म्हणण्यात त्याला गोडी असते, हाही गैरसमज आहे. त्याला 'हो'च म्हणायचं असतं. फक्त ते तोंडी म्हटलं की आपण उघड्यावर पडलो असं त्याला वाटतं.

तर या आप्पांच्या सोळा वर्षांच्या नातीला शाळेने तीन आठवड्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. पुण्यात जर्मन शिकणारी मुलं काही कमी नाहीत, बोट क्लब रोडवर मॅक्स म्युलर भवनच आहे. शाळा-शाळांच्या अशा देवाणघेवाणीही चालतात. त्यांची मुलं आपल्याकडे पोहे खातात, आपली मुलं तिकडे जाऊन पावात चीज घालून खातात आणि परत आल्यावर वरणभाताकडे भक्तिभावाने बघतात. मुलीबरोबर दोन शिक्षिका होत्या, राहायची सोय तिथल्या एका कुटुंबात. फक्त व्हिसाच्या अर्जाबरोबर आई-वडील दोघांचं संमतीपत्र हवं होतं, नोटरी केलेलं.

"कोण लिहिणार?" असं कुणी विचारलंच नाही. आप्पांनी पेनात शाई भरली होती.

पहिला मसुदा मला वाचायला मिळाला. लिहून देणार : सदर अज्ञान मुलीचे आई-बाप. लिहून घेणार : जर्मनी सरकार. कारणे संमतीपत्र लिहून देतो ऐसा जे की. इथवर मी मान डोलावत होतो. पुढे आली चतुःसीमा. पूर्वेस पोलंड व चेक प्रजासत्ताक, दक्षिणेस ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड, पश्चिमेस फ्रान्स, लक्झेंबर्ग, बेल्जियम व नेदरलँड्स, उत्तरेस डेन्मार्क व समुद्र. येणेप्रमाणे चतुःसीमेच्या आत, झाडझाडोरा, दगडधोंडा व निधिनिक्षेपासह, मुलीने राहावे.

"आजोबा, एक दिवस स्ट्रासबुर्गला नेणार आहेत," नात म्हणाली.

"मग?"

"ते फ्रान्समध्ये आहे."

"म्हणजे अतिक्रमण," आप्पा म्हणाले आणि समासात लाल पेनाने फुली मारली. शेंगेनचा एक व्हिसा असला की तेवढ्यात सगळे देश फिरता येतात, हे त्यांना समजावताना माझा चहा गार झाला. मोजणी न करता हद्द ओलांडू देणारी माणसं राज्य कसं चालवतात, हा त्यांचा प्रश्न अजून प्रलंबित आहे.

नातीचं भांडण मात्र वेगळ्याच शब्दावरून झालं. "मी अज्ञान? मला दहावीला त्र्याण्णव टक्के आहेत!"

"टक्क्यांचा काय संबंध? अठरा पुरी होईपर्यंत अज्ञानच. 1875 चा कायदा आहे." आणि त्यांनी कपाटातून एक जुना सातबारा काढून दाखवला. त्यावर त्यांच्याच नावापुढे 'अ.पा.क.' लिहिलेलं होतं : अज्ञान, पालनकर्ती आई. आप्पांचे वडील गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. नातीने तो कागद बराच वेळ हातात धरला. नंतर 'अज्ञान' हा शब्द मसुद्यात राहू दिला गेला.

अशी पत्रं मागण्यामागे खरं तर गंमत काहीच नाही. नवरा-बायकोचं फाटलं की एकाने दुसऱ्याला न सांगता मूल उचलून दुसऱ्या देशात न्यायचं, असे प्रकार जगभर होतात. ते थांबावेत म्हणून हेगला 1980 मध्ये एक करार झाला. भारताने त्यावर सही केलेली नाही. दक्षिण आफ्रिकेने तर जून 2015 पासून परदेशी मुलांसाठी जन्मदाखला आणि आई-बापांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. पर्यटनवाले इतके ओरडले की 2019 च्या अखेरीस नियम सैल करावा लागला. आप्पांच्या मते जगात एकच देश शहाणा निघाला होता, तोही बिघडला.

पासपोर्टच्या वेळीच त्यांचा सरकारवरचा विश्वास उडाला होता. अल्पवयीन मुलांसाठी आई-बापांनी द्यायचं ॲनेक्शर डी डिसेंबर 2016 पासून साध्या कागदावर चालतं. ना नोटरी, ना शिक्का. "साध्या कागदावर? मग पतंग का करत नाहीत त्याचा!" त्यामुळे हे संमतीपत्र स्टॅम्पपेपरवरच करायचं, असा त्यांचा हट्ट. ते कुणी मागितलं नव्हतं. शंभराचा स्टॅम्प आणायला गेले, तर ऑक्टोबर 2024 पासून तिथे पाचशेचा लागतो असं कळलं. पाचशे रुपये त्यांनी दिले, पण चेहरा असा की सातबाऱ्यावर बोजा चढलाय.

मुलीचे वडील नोकरीला मस्कतमध्ये. त्यांनी तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन आपलं पत्र साक्षांकित करून पाठवलं, एका पानाचं. आप्पांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि "पोरगं माझं, पण लिहिणं असं उघडंबोडकं," म्हणाले. मग लक्षात आलं की सगळ्या कागदांत आई आहे, बाप आहे, शिक्षिका आहेत, जर्मन यजमानीण आहे, विमा कंपनीसुद्धा आहे तीस हजार युरोंची हमी घेऊन. आजोबांना रकाना नाही.

त्या रात्री आप्पा जेवले नाहीत असं काकू म्हणाल्या. मला वाटतं कारलं होतं.

सुनेचं पत्र नोटरी करायला शिवाजीनगर कोर्टाबाहेर गेलो तेव्हा मी साक्षीदार म्हणून बरोबर होतो. छत्रीखालच्या टेबलाशी वकीलसाहेबांनी तीन पानं चाळली, चतुःसीमेपाशी थबकले, सुनेकडे पाहिलं. सुनेने नजर चुकवून दुसराच कागद पुढे सरकवला. नातीने आदल्या रात्री सगळा ऐवज आठ ओळींच्या इंग्रजीत आणि आठ ओळींच्या जर्मनमध्ये उतरवला होता : नावं, पासपोर्टचे क्रमांक, तारखा, कुणाकडे राहणार, खर्च कोण करणार, आजारी पडल्यास उपचाराला परवानगी. आप्पा भडकणार होते, तेवढ्यात त्यांना जर्मन मथळा दिसला : आइनफरश्टेंडनिसएर्क्लेरुंग. संमतीपत्राला एवढा लांब शब्द असलेल्या देशात मुलीला पाठवायला हरकत नाही, असं त्यांचं तिथल्या तिथे मत झालं. चतुःसीमेचा स्टॅम्पपेपर त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

"यांना ओळखणारं कुणी आहे का?" वकिलांनी सुनेकडे बोट दाखवून विचारलं.

मी पुढे होणार, तोच आप्पा म्हणाले, "मी ओळखतो." आणि दोन ओळी रेखीव अक्षरात लिहून सही ठोकली : मी सदर व्यक्तीस व्यक्तिशः ओळखतो.

"लग्नाला अठरा वर्षं झाली," रिक्षात बसताना सून मला हळूच म्हणाली, "पहिल्यांदाच लेखी दिलं."

तरीही त्यांनी सोसायटीच्या फलकावर नोटीस लावलीच. 'क' विंगमधील अमुक मुलगी परदेशी जात असून कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे. तीन हरकती आल्या. तिन्ही आप्पांच्या स्कूटरच्या पार्किंगबद्दल.

मुलगी गेली. दुसऱ्या शनिवारी रात्री आप्पांनी मला खाली बोलावलं. फोनवर नात होती. यजमानांची मुलगी मैत्रिणींबरोबर नाचायला चालली होती, हीही जाणार. तिकडच्या कायद्याने सोळा वर्षांच्या मुलांना डिस्कोत रात्री बारापर्यंतच थांबता येतं. त्यापुढे थांबायचं तर बरोबर कुणी अठरापुढचं हवं आणि आई-बापांची लेखी परवानगी. त्या कागदाला तिकडची पोरं 'मुत्तीत्सेटेल' म्हणतात. आईची चिठ्ठी. यजमानांचा एकोणीस वर्षांचा मुलगा बरोबर जाणार होता. सुनेने छापील अर्धं पान भरून, सही करून, फोटो पाठवलासुद्धा.

आप्पांनी तो फोटो मोठा करून शिक्का शोधला. नव्हता. हरकतीचा रकाना शोधला. नव्हता. मग चष्मा पुसला, घसा खाकरला, भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. मी डोकावून पाहिलं. जावक क्रमांक 1. बारानंतर एक तास, हरकत नाही. आजोबा.

फोटो काढून मी पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, मागे गाण्याचा दणदणाट : "आजोबा, तुमची सही इथे चालत नाही!"

"ते मला ठाऊक आहे," आप्पा म्हणाले. "पोहोच दे."