चावी ओढून बघणारे काका

पनागरमधल्या मराठी घरात व्यायामाचं मशीन थेट येत नाही. आधी ते काकांकडून पास व्हावं लागतं. हे काका कुणी एक गृहस्थ नव्हेत, ती जातच आहे. जबलपूरच्या गन कॅरेजमध्ये किंवा खमरियाच्या फॅक्टरीत उभी हयात तपासणी खात्यात काढायची आणि निवृत्तीनंतर पनागरला घर बांधून राहायचं. नोकरी संपते, नजर रिटायर होत नाही. कूलर, मोटरपंप, भाचीला सांगून आलेलं स्थळ, प्रत्येकात त्यांना काहीतरी सैल सापडतंच. पण त्यांची कळी खरी खुलते ती ट्रेडमिलच्या दुकानात.

शर्टाच्या खिशात मोजपट्टी आणि टेस्टर. दुकानदार हौसेने म्हणतो, ‘‘आइए बड्डे, तीन हॉर्सपॉवर!’’ काका चष्म्यावरून बघतात. ‘‘पीक की कंटिन्युअस?’’ तिथेच निम्मा सौदा मोडतो. मोटर क्षणभर किती जोर लावते आणि सलग किती ओढते, हे दोन वेगळे आकडे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत पहिलाच का छापतात, हे काका दुकानदाराच्याच तोंडून वदवून घेतात. मग वजनाची मर्यादा. ‘‘शंभर किलो? आणि आमचा हा पंच्याण्णवचा. दिवाळीनंतर काय करायचं?’’

आता मुख्य परीक्षा. पट्ट्यावर दुकानातल्या पोऱ्याला चढवायचं, लाल चावीची चिमटी त्याच्या शर्टाला लावायची आणि तो रंगात येऊन चालायला लागला की काही न सांगता दोरी ओढायची. पट्टा थांबला तर मशीन पास. पोऱ्या घाबरला तरी पास. पोऱ्याची तपासणी नव्हती. मशीन विकत घेणारे निम्मे लोक ती चिमटी कधी कपड्याला लावतच नाहीत, याचा काकांना मनापासून राग आहे.

‘‘मागे दोन मीटर जागा आहे?’’ हा पुढचा प्रश्न. घेणाऱ्याच्या खोलीत मागे लोखंडी कपाट असतं. घसरलेला माणूस जाणार कुठे, कपाटात? घरात नातवंडं असतील तर काका २०२१चा अमेरिकेतला प्रकार ऐकवतात. मुलं पट्ट्याखाली ओढली गेली, एक दगावलं आणि कंपनीला सव्वा लाखाच्या आसपास ट्रेडमिलं परत बोलवावी लागली. ‘‘काम झालं की चावी काढून वर ठेवायची. बंदूक ठेवतात तशी.’’ इथे कोणी हसत नाही. १८१८च्या सुमारास इंग्लंडात क्युबिट नावाच्या इंजिनियरने कैद्यांकडून घाम गाळून घ्यायला पायचक्की काढली, तिचंच नाव या मशीनला मिळालं, हे मात्र ते हसून सांगतात. ‘‘तेव्हा शिक्षा होती, आता हप्ते आहेत.’’

गुडघे बोलायला लागलेल्यांना ते ट्रेडमिलजवळ फिरकू देत नाहीत. त्यांच्यासाठी पाठ टेकायची सायकल. तिथेही सीट मागेपुढे करून बघायची. पेडल सगळ्यात लांब गेलं की गुडघा किंचित वाकलेला हवा. ताठ झाला किंवा छातीशी आला तर नापास. चाकावर पूर्ण झाकण हवं, पोरांची बोटं जायला नकोत. आणि छातीत कधी दुखलं असेल तर आधी डॉक्टर, मग दुकान. या एका बाबतीत काका स्वतःचा अधिकार सोडतात.

यातलं एकही वाक्य खोटं नाही, हीच पंचाईत आहे. कारण काकांच्या घरी मशीन नाही. कधी अर्थिंग कमी पडतं, कधी फरशीला उतार निघतो, कधी मोटर ‘उद्या दगा देईल’ असं वाटतं. ते स्वतः खुर्चीवरून ढळत नाहीत. काकू मात्र थंडीत दोनदा बाजार करतात, मटाराची पिशवी दोन्ही हातांत, आणि गल्लीत सगळ्यात ठणठणीत त्याच आहेत. त्यांना कुणी मशीनबद्दल विचारत नाही.

तर मशीन घ्यायला निघालात की काकांना जरूर न्या, पैसे वाचतील, हाडंही वाचतील. फक्त गाडी अगदी त्यांच्या दारापर्यंत आणा. ‘कोपऱ्यापर्यंत चालत या’ म्हणालात तर ते येणार नाहीत.