वाढीव वॉरंटी

सात सीटची गाडी घेतली ती गणपतीत गावी जायला. एरवी ती चिंचपोकळी पुलाजवळ ताडपत्रीखाली झोपा काढते. शोरूममधला पोरगा म्हणाला, "काका, पहिली ३ वर्षं कंपनीची, पुढची २ वाढवून घ्या. जीएसटी १८ टक्के वेगळा." मी चष्मा चढवून मागचं पान वाचलं. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश हे झिजणारे भाग, म्हणून वगळले. उंदरांनी कुरतडलेली वायर, तुंबलेल्या पाण्यात बसलेलं इंजिन, तेही बाद. म्हणजे लालबाग-परळात गाडीला जे जे होतं, ते सोडून बाकी सगळ्याची हमी! आणि २०११ पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर सस्पेन्शन 'झिजतं' म्हणणं, हा तर निव्वळ सभ्यपणा.

"अहो, पण गिअरबॉक्स आहे ना त्यात?" ही म्हणाली. आहे. फक्त सर्व्हिसिंग त्यांच्याकडेच, वेळेवर; एक चुकली की हमी गुंडाळली. आमच्या चाळीची हमी कुणीच दिली नव्हती, ती अजून उभी आहे.

पैसे भरले नाहीत. त्यातून उंदराचा पिंजरा आणि नवी ताडपत्री आली. उरलेले क्लच प्लेटसाठी पोस्टात टाकलेत.