गोळीला विचारता, मग बोलण्याला का नाही?

पोखर्णीच्या माणसाला डॉक्टरनं नवी गोळी लिहून दिली की तो मेडिकलच्या काउंटरवरच विचारतो, "गुंगी येती का? जेवणाआधी का नंतर?" पण वर्षानुवर्षं खचलेल्या बाईला परभणीला समुपदेशनासाठी पाठवताना घरातलं कुणीच काही विचारत नाही. नुसतं बोलायचंय, त्यानं काय बिघडणार?

बिघडू शकतं. ते आधी सांगितलं जात नाही, याचा मला राग आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मानसोपचार घेतलेल्या 14,587 लोकांची पाहणी 2016 साली प्रसिद्ध झाली. वाईट परिणाम टिकून राहिला, असं सुमारे 5 टक्के लोकांनी सांगितलं. म्हणजे विसांत एक. आपल्याला कोणता उपचार दिला हेच ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं.

जुन्या नैराश्यात हे कसं घडतं ते बघा. लग्नातला मार, गेलेलं लेकरू, कर्जापायी नवऱ्यानं घेतलेलं औषध. पंधरा वर्षं दाबून ठेवलेलं तासाभरात वर येतं. तास संपतो, बाई स्टँडवर एकटी. घरी भाकरी थापायच्याच असतात. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. दोन-चार दिवस असं होणं उपचाराचाच भाग असू शकतो. महिनाभर वाढतच गेलं तर उपचार बदलायला हवा. हा फरक तिला कुणी सांगितलेला नसतो. एखादी समुपदेशकाला विचारल्याशिवाय साधा निर्णयही घेईनाशी होते. एखादीला तोंड उघडायचं बळ येतं आणि घरात भांडण पेटतं. तिचं बोलणं चूक नाहीच, पण मार तिलाच बसतो. सगळ्यात वाईट म्हणजे गुण आला नाही की ठपका तिच्यावर: "तुम्हीच प्रयत्न करत नाही." नैराश्यातल्या माणसाला ते खरंच वाटतं. ती जायचं बंद करते. कागदावर शेरा पडतो, रुग्ण आला नाही.

उपचारच नकोत, असं मी म्हणत नाही. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' संस्थेनं डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून हेच काम करून घेतलं. तीन महिन्यांनी 64 टक्के लोक सावरले; ज्यांना हे समुपदेशन मिळालं नाही, त्यांच्यात 39 टक्के. 2017 च्या 'लॅन्सेट'मधल्या या अभ्यासात गंभीर अनिष्ट घटनाही मोजल्या होत्या. म्हणजे मोजता येतात, मोजायचं मनात हवं.

मराठवाड्यात 2015 पासून शेतकरी कुटुंबांसाठी समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प आला. मग केसपेपरवर दोन ओळी वाढवा: उपचार कोणता, किती वेळा यायचं. आणि तिसरा प्रश्न दर खेपेला: मागच्या बोलण्यानंतर त्रास वाढला का? तो समुपदेशक मॅडमनं विचारू नये, तोंडावर कोण सांगणार? तो आशाताईनं विचारावा, बाईच्या घरी जाऊन, सासू समोर नसताना.