दोन ताऱ्यांचा जामीन

ज्याला आकाशातलं ओ की ठो कळत नाही, त्याच्यासाठी हल्ली खास दुर्बीण मिळते. तिच्या पोटात संगणक, संगणकाच्या पोटात तारे, तारकागुच्छ आणि दीर्घिका मिळून हजारो वस्तूंची यादी, आणि खोक्यावर आश्वासन की तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचं दुर्बीण बघेल. बघते, अगदी बघते. आधी तुमच्याकडे बघते आणि म्हणते, आकाशातले दोन तारे ओळखून दाखवा, मग बोलू. कर्ज मागायला गेलेल्या माणसाकडे बँक दोन जामीनदार मागते, तसंच हे.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीसाहेब ज्या खात्यातून निवृत्त झाले, तिथे त्यांनी उभ्या हयातीत लोकांचे अर्ज ‘त्रुटीपूर्ततेसाठी’ परत पाठवले. आता त्रुटी त्यांच्यात निघत होत्या, आणि काढणारं यंत्र त्यांच्याच सहीने खरेदी झालेलं होतं. पैसे सांस्कृतिक निधीतले. खरेदीच्या परिपत्रकात साहेबांनी पुण्याच्या परंपरेचा दाखला दिला होता: भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून 1888 मध्ये इथल्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली, तिथे 20 इंची दुर्बीण होती आणि कावसजी दादाभाई नायगामवाला ती चालवत. 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली, हा भाग परिपत्रकात नव्हता. परंपरा सांगताना तेवढं पथ्य पाळावंच लागतं.

उद्घाटन 3 डिसेंबर 2025 रोजी, दत्तजयंतीच्या आदल्या संध्याकाळी, गच्चीवर. विषय एकच: शनीची कडी. तिपाई समपातळीत हवी, असं पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलेलं. गच्चीला मात्र पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला, आणि तो चारही बाजूंना वेगवेगळा. तिपाईवरच्या काचेतला बुडबुडा मध्यावर यावा म्हणून एका पायाखाली विटेचा तुकडा, दुसऱ्याखाली मागच्या वर्षीचा वार्षिक अहवाल, असं करत साडेसात वाजले. अहवालाचा हा पहिला उपयोग.

मग यंत्राने जबाब घ्यायला सुरुवात केली. रिमोटच्या इवल्याशा खिडकीत लाल अक्षरं डावीकडे सरकत जातात, आणि आपण चष्मा लावेपर्यंत वाक्याचं शेपूटसुद्धा निघून गेलेलं असतं. गाव कोणतं? वेळ काय? उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे केलंय का? आपल्याकडे कुणी करत नाही, तरी उत्तर द्यावंच लागतं. रकाना रिकामा ठेवून चालत नाही. तारीख? साहेबांनी सरळ मराठी माणसासारखं 03, 12, 2025 असं दाबलं. यंत्र अमेरिकी वळणाचं. ते महिना आधी वाचतं. त्याच्या दफ्तरी 12 मार्चची नोंद झाली.

पहिला तारा म्हणून साहेबांनी यादीतून व्याध निवडला, कारण तो सगळ्यात तेजस्वी एवढं ठाऊक होतं. मोटार घर्रर्र करत फिरली, तळमजल्यावरचं कुत्रं भुंकलं, आणि नळी दक्षिणेला, आकाशाच्या रिकाम्या तुकड्याकडे तोंड करून थांबली. 12 मार्चला त्या वेळी व्याध तिथेच असतो. 3 डिसेंबरला साडेसातला तो उगवलेलासुद्धा नसतो. पण त्या रिकाम्या जागेच्या मूठभर वर एक तेजस्वी ठिपका होता. साहेबांनी बाणाची बटणं दाबत नळी वर नेली, ठिपका मध्यावर आणला आणि एंटर दाबलं. तो शनी होता. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो नळीत आलेला असताना साहेबांनी त्याची व्याधाच्या नावाने सही घेतली.

दुसरा तारा मघा. नळी पूर्वेला वळली आणि शेजारच्या बावीस मजली टॉवरमधल्या एका बाल्कनीवर स्थिरावली. तिथे दिवाळीपासून न उतरवलेला आकाशकंदील लोंबत होता. एंटर.

‘अलाइनमेंट फेल्ड.’ कारण दिलेलं नाही. साहेबांच्या जुन्या खात्यातही देत नसत.

तेव्हा साहेबांनी जामिनाची भानगड सोडली आणि ग्रहांच्या यादीतून थेट शनीच मागितला. उत्तर आलं: शनी क्षितिजाखाली आहे. हे साहेबांनी मोठ्याने वाचलं, आणि गच्चीवरच्या पंचवीसेक माणसांनी माना वर करून दक्षिणेकडे बघितलं. तिथे शनी चांगला उंच, स्वच्छ तेवत होता. गंमत म्हणजे यंत्राचं कागदोपत्री काहीच चुकलं नव्हतं. 2025 च्या 12 मार्चला शनी आकाशात सूर्याच्या अगदी शेजारी होता. संध्याकाळी साडेसातला तो कुणालाच दिसला नसता. नोंदीप्रमाणे तो मावळलेला असेल तर तुम्हाला डोळ्यांनी दिसतोय याला किंमत किती? हा युक्तिवाद साहेबांना इतका ओळखीचा होता की ते क्षणभर यंत्राच्या बाजूचे झाले.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मात्र खुशीत होत्या. त्यांची रास मीन, साडेसाती चालू. शनीच्या नजरेला नजर द्यायची नाही म्हणून त्या पाण्याच्या टाकीमागे उभ्या होत्या. “नाही म्हणतोय ना तो, मग कशाला बोलावताय?” एवढंच त्यांचं म्हणणं.

कस्टमर केअरने वीस मिनिटं गाणं ऐकवून फर्मवेअर अपडेट करायला सांगितलं. त्याची केबल वेगळी विकत मिळते.

शेवटी बी विंगमधली एक कॉलेजातली मुलगी पुढे आली. ती ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जाते. ही संस्था 1944 पासून पुणेकरांना आकाश दाखवते आहे. तिने रिमोट घेतला, तारीख बघितली, हसू दाबलं आणि सगळं पहिल्यापासून भरलं. मग म्हणाली, “काका, दोन तारे नकोत. ओळखीचा एक ग्रह दाखवला तरी याला पुरतं.” बाणाची बटणं दाबत तिने शनी मध्यावर आणला आणि यंत्राला सांगितलं, हा शनी. यंत्राने मान्य केलं.

साहेबांनी रिमोट परत घेतला. मेनू, ग्रह, शनी, एंटर. मोटार अर्धा सेकंद घुरघुरली आणि जागच्या जागी थांबली.

“सापडला!” साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या.

रांग लागली. डोळा लावा, हात लावू नका, असं तीनदा सांगूनही प्रत्येकाने आधी नळी धरली, आणि प्रत्येकानंतर मुलीने शनी परत आणून दिला. बघून झालेला प्रत्येक जण “छान आहे” म्हणून बाजूला होत होता. पाहुण्यांकडे बेत फसला की म्हणतात तसं. साहेबांची पाळी आली तेव्हा ते बराच वेळ वाकून राहिले.

“अगं, याला कडी कुठे आहेत? खोक्यावर तर आहेत.”

“आहेत काका, पण सध्या आपल्याकडे धार करून आहेत. मार्चच्या 23 तारखेला तर अगदी रेषेत आली होती. आताही ती आडवी बारीक रेघ दिसते ना, तीच कडी. लाखो किलोमीटर पसरलेली, पण बऱ्याच ठिकाणी आपल्या इमारतीएवढीही जाड नाहीत.”

“म्हणजे यंत्रात दोष नाही?”

“नाही.”

साहेबांचा चेहरा उतरला. दोष असता तर तक्रार करता आली असती.

“मग नीट कधी दिसतील?”

“दरवर्षी थोडी थोडी उघडतील. पूर्ण उघडायला 2032 उजाडेल.”

साहेबांनी खोक्यातून वॉरंटी कार्ड काढलं, मोबाइलच्या उजेडात दोन्ही बाजूंनी वाचलं आणि येत्या सभेच्या विषयपत्रिकेत तिथल्या तिथे एक विषय वाढवला: दुर्बिणीचा वार्षिक देखभाल करार, 2032 पर्यंत.