परदेशी गुडघे बंद, देशी चालू

डॉक्टरांनी जन्मभर शिकत राहावं, हे सरकारला मान्य आहे. किती शिकावं, तेही ठरलेलं आहे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे पाच वर्षांत ३० तास, म्हणजे रोजचं जेमतेम एक मिनिट. एवढ्यात हृदय, मधुमेह, डेंगी आणि पोरांचा खोकला उरकायचा. संधिवाताच्या वाट्याला किती सेकंद येतात, ते ज्याने त्याने आपल्या गुडघ्याला विचारावं.

गोव्यातल्या कारापूर-तिस्कावरच्या माणसाला सांधे धरले की पहिला मुक्काम ओळखीच्या डॉक्टरकडे, दुसरा साखळीच्या सरकारी दवाखान्यात, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं की बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय. तोवर हाताची बोटंही वाकडी झालेली असतात. या महाविद्यालयाची मुळं १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेपर्यंत जातात, तिथे विद्येला तोटा नाही. पण गाठ पडते ती पहिल्या मुक्कामावर, आणि तिथे ‘वात आहे हो, वयाप्रमाणे होणारच’ एवढ्यावर काम भागतं. वय पस्तीस असलं तरी!

हा ‘वात’ सगळ्यांचा सारखा नसतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर जाऊन पाहणी केली. सुमारे १८ टक्के प्रौढांना हाडं, सांधे नि स्नायूंची दुखणी निघाली. ऱ्हुमॅटॉइड संधिवात मात्र दोनशे जणांत एखाद्यालाच. म्हणजे अंग दुखतं म्हणून आलेल्या पस्तीस-छत्तीस माणसांत एक जण असा, की त्याला पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध मिळालं नाही तर सांधे कायमचे झिजतात. तो एक ओळखणं हीच खरी कसोटी.

त्यासाठी लागतात डॉक्टरची बोटं. पेशंटच्या बोटांची मुळं हलकेच दाबून पाहायची, सूज चाचपायची आणि सकाळी उठल्यावर आखडलेपण किती वेळ राहतं, ते विचारायचं. अर्धा-पाऊण तासाच्या पुढे गेलं की कान टवकारायचे. त्याऐवजी चिठ्ठीवर येतात आरए फॅक्टर, युरिक ॲसिड आणि एएसओ या रक्ततपासण्या, सरसकट सगळ्यांना. आरए फॅक्टर धडधाकट म्हाताऱ्यांतही सापडतो आणि खऱ्या रोग्यांपैकी बऱ्याच जणांत सापडत नाही. मग रिपोर्ट बघून माणसावर उपचार होतात, किंवा माणसाला घरी पाठवून रिपोर्टवर.

हे शिकवायचं कुठे? तर हॉटेलात. पडद्यावर हजारोंच्या किमतीची इंजेक्शनं येतात-जातात, मागच्या रांगेत औषध कंपनीचा एमआर हजेरी मोजतो. दोन तासांनी उठताना पन्नाशीतले श्रोते गुडघ्यावर हात टेकून उठतात, तेवढंच काय ते प्रात्यक्षिक.

कंपन्यांच्या पैशांवरचं हे शिक्षण बंद करायचा पराक्रमही झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला नियम काढले आणि २३ ऑगस्टला स्थगित केले. एकवीस दिवस! चिकुनगुन्याची सांधेदुखीसुद्धा याहून जास्त टिकते. पुढे मार्च २०२४ ची औषध कंपन्यांसाठीची संहिता आली. परदेशातल्या परिषदा बंद, देशातल्या चालू, शिवाय हजार रुपयांपर्यंतची शैक्षणिक भेटवस्तू चालेल. गोवा देशातच असल्यामुळे इथल्या हॉटेलवाल्यांचा जीव भांड्यात पडला. किनाऱ्यावर दिल्लीचे डॉक्टर सांधे शिकतात, इकडे कारापूरचे सांधे दुखतच राहतात.

आणि जे शिकवायलाच हवं, त्याला प्रायोजक मिळत नाही. मेथोट्रेक्सेटचंच घ्या. स्वस्त, जुनं, कामाचं औषध. संधिवातात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ‘रोज एक’ची सवय जडलेल्या माणसाने ते रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. चिठ्ठीवर वार ठळक लिहिणं हा यावरचा बिनखर्ची उपाय. आपल्याकडे सोमवारी कितीतरी घरांत मासळी शिजत नाही, ते कुणाला लिहून द्यावं लागत नाही. गोळी त्याच वाराला बांधली तर घरची सून, सासू, नातू सगळेच लक्ष ठेवतील. जादूच्या पुडीतून पोटात जाणाऱ्या स्टिरॉइडबद्दलही एखादी स्लाइड असावी, पण पुडीवाल्याचा स्टॉल तिथे नसतो.

रोग हुडकायलाही असाच सोपा मार्ग आहे. ब्रिटनमध्ये डोहर्टी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये सांध्यांची एक झटपट तपासणी मांडली. सुरुवातीला तीनच प्रश्न: सांधे, स्नायू किंवा पाठ दुखते-आखडते का? कपडे आपले आपण घालता येतात का? जिना चढता-उतरता येतो का? कारापूरच्या आजीला ‘साडी स्वतः नेसता का?’ विचारलं तर ती पुढचं सगळं आपणहून सांगेल, सुनेच्या तक्रारींसकट.

तेव्हा आयोजकांना विनंती, की पुढचा कार्यक्रम साखळीत ठेवावा, सकाळी, ओपीडीच्या वेळेला, पेशंट समोर बसवून. प्रायोजक मिळाला नाही तरी चालेल, चहाचं कारापूरकर बघून घेतील.